एका श्वासात पंचवीस मीटर

पनवेलच्या आमच्या लेडीज बॅचमध्ये पाण्याखाली कमी आणि काठावर जास्त घडतं. रोज घरी ह्यांना सांगूनही किस्से उरतातच, म्हणून लिहायला बसले.

आधी एवढं सांगते, की आम्ही श्वास रोखून बुडी मारायला शिकतो. जी एका श्वासात पाण्याखालून पंचवीस मीटर जाईल, तिलाच आम्हाला शिकवणाऱ्या श्वेता मॅडम मालवणच्या समुद्रात नेणार होत्या. तीस वर्षं मी गणपती पाण्यात सोडले, पण खाली काय असतं ते एकदाही पाहिलं नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी ते पाहायचा संकल्प केला!

*

हरतालिकेला निर्जळी उपास धरून स्विमिंग पूलवर गेले. मॅडमनी विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलात? मी कौतुकाने सांगितलं, थेंबही नाही.

"मग काकू, जिला पाणी प्यायचं नाही तिने पाण्यात उतरायचंही नाही."

त्या दिवशी मी सगळ्यांचे टॉवेल सांभाळले.

*

घरी सराव पलंगावर पडून करायचा. एका दुपारी ह्यांनी दोन हाका मारल्या, मी श्वास रोखलेला. तिसरी हाक न मारता त्यांनी रोडपालीच्या नणंदेलाच फोन लावला. ती धावत आली तेव्हा मी शिरा भाजत होते.

"आलेच आहे तर खाऊन जाते," म्हणाली.

*

श्वास रोखला की सुरुवातीला छान वाटतं. गार पाण्यात चेहरा बुडाला की छातीतली धडधड मंदावते. मग पोटाला आतून उचकीसारखा धक्का बसतो. मॅडम सांगायच्या, हवा संपलेली नसते, शरीर उगाच घाई करतं. कुणाला पटेना. मी म्हटलं, एकादशीला चार वाजता चहासाठी जीव कासावीस होतो आणि साडेचारला त्याची आठवणही राहत नाही, तसंच हे.

तेव्हापासून धक्का बसला की आमच्यात म्हणतात, "चार वाजले."

*

आमच्या बॅचमधल्या, करंजाच्या विमलताईंची हयात मासे विकण्यात गेली. पहिल्याच दिवशी खाली गेल्या त्या सव्वा मिनिट झालं तरी वर येईनात. आल्यावर मॅडमनी टेक्निक विचारलं.

"टेक्निक नाय काय. वर आली का कोनतरी हाक मारतं. खाली कोन नाय."

*

परीक्षेला याच विमलताई माझ्या सोबतीला पाण्यात होत्या. वर आल्यावर आधी श्वास, मग बोटांनी ओकेची खूण, मग "मी ठीक आहे" म्हणायचं आणि हे सगळं पंधरा सेकंदांत, असा नियम.

अठराव्या मीटरला चार वाजले. पाय जड झाले, छाती तापली. नाम घेत राहिले. भिंतीला हात लागला, वर आले आणि डोळे मिटून हात जोडले. नमस्कार पुरा होईपर्यंत सतरा सेकंद झाले होते.

"काकू, देव थांबला असता. घड्याळ थांबत नाही." नापास!

अर्ध्या तासाने शेवटची संधी मिळाली. या वेळी धक्के पंधराव्या मीटरलाच सुरू झाले. पाचपर्यंत मोजले, मग मोजणंच सोडलं आणि पाय मारत राहिले. भिंत लागली. वर येऊन तीन श्वास घेतले, खूण केली, "मी ठीक आहे" म्हटलं.

पाहते तर काठावर अख्खी बॅच डोळे मिटून, हात जोडून उभी. मधोमध मॅडम.

शेजारून विमलताई म्हणाल्या, "म्याडम, डोले उघडा. मी बगलंय. पास हाय ती."