नुकतीच धुतलेली मशीन
बाथरूममधून ओल्या धुळीचा वास आला की मला कळतं, आज रविवार आहे आणि ह्यांनी व्हॅक्यूम क्लीनरचा फिल्टर धुवायला काढलाय. माझ्या दम्यामुळे डॉक्टरांनी झाडूला हात लावायचा नाही म्हटलं होतं, म्हणून ती मशीन घरात आली. त्याच वर्षी मे महिन्यातल्या एका दुपारी आंधी सुटली आणि कूलरमधून आलेल्या मातीनं गाद्या, फरशी, सगळं भुरकं झालं. हे नुकतेच मशीन साफ करून उठले होते. पाइप पुसलेला, ब्रशात अडकलेले केस उपटून काढलेले, फिल्टर सावलीत वाळवून परत बसवलेला. "अहो, मशीन लावता का? श्वास कोंडून राहिला माझा," मी म्हटलं. "आत्ताच धुतली ना वं मी तिले! लगेच काहून मळवून राहिली?" म्हणत ह्यांनी मशीनवर जुनी चादर टाकली. मी नाकाला ओढणी बांधली आणि झाडू उचलला. परवा पाहुण्यांना ह्यांनी मशीन सुरू करून दाखवली; इतक्या वर्षांनीही अगदी नव्यासारखी चालते. पाहुण्यांनी कौतुक केलं. मग ह्यांनी बटण बंद केलं, आणि खोलीत फक्त माझ्या छातीची घरघर ऐकू येत राहिली.