चंद्रभागाबाईने घडवलेला जमादार

माणूस कशाला हसतो यावरून तो कळत नाही, कशाला भितो यावरून कळतो, असं चंद्रभागाबाई म्हणायची. ती रायरंदांच्या घरातली. गावोगाव हिंडायचं, रोज नवं सोंग घेऊन लोकांना फसवायचं, हसवायचं आणि मुक्काम हलवायच्या दिवशी आपल्या खऱ्या रूपात दारोदार जाऊन सुपाने जोंधळा मागायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. सोंग घ्यायचे पुरुष. पण ते घडवायची चंद्रभागाबाई. नवरा होता तोवर नवऱ्याचं, तो पटकीने गेल्यावर लेकाचं.

लेक आसाराम. आधीची पोरं मातीत गेली, हा एकटा हाताला लागला. म्हणून ती त्याला नजरेआड होऊ द्यायची नाही आणि शिकवताना मात्र जराही दया करायची नाही. पोराने मारवाड्याचं सोंग घेतलं, पोट पुढे काढून बोलला, लोक हसले, तरी रात्री भाकरी वाढताना ही म्हणायची, "आज मारवाडी न्हवता आलता. मारवाड्याचं पोट आलतं."

"मंग काय करू, आये?"

"तो रस्त्यानं चालतो तवा कुणाला वाट देतो ते बघ. ते बघितलं की पोट आपसूक येतंय."

निजामाचं राज्य होतं. मानमोडीच्या तापाची साथ येण्याच्या थोडं आधीचा काळ. केजच्या बाजूला एका ठाण्याचा जमादार त्या वेळी फार गाजत होता. नाव घ्यायला लोक धजत नसत, नुसतं 'कडीवाला' म्हणत, कारण त्याच्या मनगटात चांदीची जाड कडी असे. माणसाच्या तोंडावर तो कडीचाच हात मारायचा. दात पडले की हसून विचारायचा, "पाऊसपाणी बरं हाय ना?"

नांदूरघाटच्या बाजारात चंद्रभागाबाईने त्याला पाहिलं. बांगड्यांच्या दुकानाआड उभी राहून ती सकाळपासून त्याच्याकडेच बघत होती. दोन शिपाई कायम त्याच्या पाठीशी. एकदा ते पाणी प्यायला मागे राहिले, तर जमादाराची चाल बदलली. तो भिंतीला खेटून उभा राहिला आणि मान वळवून वळवून मागे पाहू लागला. चंद्रभागाबाईला हवं होतं ते मिळालं.

"ह्यो एकटेपणाला भेतो," पालावर आल्यावर ती आसारामला म्हणाली. "त्याचा समदा माज त्या दोघांच्या जिवावर हाय. तू बोलताना मधीच मागं बघ. लई न्हाई, जरासं."

महिनाभर तिने त्याला चालवलं. खाकी कापड मिळवून कोट शिवला, पोटाला चिंध्या बांधल्या, बकऱ्याच्या केसांची मिशी डिंकाने चिकटवली, कथलाची कडी केली. शेवटी एके दिवशी आसाराम पालाच्या तोंडाशी उभा राहून हळूच म्हणाला, "पाऊसपाणी बरं हाय ना?" आणि तिच्या हातातली तवली खाली पडली. सोंग जमलं होतं.

रायरंदाची एक रीत असते. गावात शिरलं की आधी पाटलाला एकट्याला सांगून ठेवायचं, की बाबा, आम्ही आलो आहोत. म्हणजे सोंग अंगाशी आलंच तर कुणी तरी आडवा येतो. मांजरेकाठच्या त्या गावी पोचल्यावर आसाराम निघाला होताही सांगायला. चंद्रभागाबाईनेच त्याला अडवलं.

"पाटलाला ठावं असलं की तो गालात हसतो. त्याचं हसू बघून गाव वळखतं. येवढी मेहनत केली ती कावून वाया घालवायची? ह्या बारीला न्हाई सांगायचं."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आसाराम कोट घालून चावडीकडे गेला. चंद्रभागाबाई गावाबाहेर पिंजाऱ्याच्या छपरात थांबली. पिंजाऱ्याची बायको हजराबी कापूस निवडत होती. बोलता बोलता चंद्रभागाबाईने लेकाच्या सोंगाचं कौतुक सांगितलं.

हजराबीचे हात थांबले. "जमादार बनके गया? वो कडीवाला? या अल्ला! अगे, इस गाव में कायकू?"

मग तिने सांगितलं. मागच्या सुगीत जमादाराने वेठीला बैल मागितले. गावातल्या धोंडीरामने दिले नाहीत. जमादाराने त्याला चावडीपुढच्या चिंचेला उलटा टांगला, खाली मिरच्यांचा धूर केला. दोरी ओढायला लावली ती त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाला, बंकटला. ओढली नसती तर दुसऱ्या फांदीला तो होता. सगळं गाव उभं राहून बघत होतं. धोंडीराम रक्त ओकून मेला.

चंद्रभागाबाई अनवाणीच धावत सुटली.

चावडीपुढे पोचेपर्यंत व्हायचं ते सुरू झालं होतं. आसारामने सोंग असं वठवलं होतं की त्याला पाहताच माणसं उठून उभी राहिली, एका म्हाताऱ्याने तर पागोटं काढून पायाशी ठेवलं. कुणाला शंका आली नाही. आणि मग आईने शिकवल्याप्रमाणे आसारामने मान वळवून मागे पाहिलं. जरासंच. मागे कुणी नव्हतं. हे गावाने पाहिलं. जमादार एकटा आहे आणि तो भ्यालेला आहे. खरा जमादार कधीच एकटा येत नसे. चंद्रभागाबाईने भीती खरी घडवली होती, पण शिपाई आणायचे कुठून? तिला लेक एकच होता.

पहिली काठी धोंडीरामच्या भावाची, बंकटची. ती गुडघ्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. आसाराम कोसळला, ओरडला, "मी रायरंद हाय हो! सोंग हाय हे!"

"आता रायरंद झाला बे?" बंकट म्हणाला. "बोल ना, पाऊसपाणी बरं हाय का?"

"हाण, बंकट!" म्हणत मग सगळेच तुटून पडले. कुणाच्या हातात दांडकं, कुणाच्या हातात वहाण. एका बाईने तोंडात माती कोंबली. रक्ताने मिशी आणखीच घट्ट चिकटली. चंद्रभागाबाई घोळक्यात घुसली, लेकाच्या अंगावर आडवी पडली, "माझं पोर हाय, मला मारा," म्हणाली.

"जमादाराची माय आली बघा," कुणी तरी म्हणालं आणि तिच्या पाठीत लाथ बसली. केसांना धरून तिला बाजूला फेकलं. पाटलाचा भाऊ विठ्ठलराव चावडीच्या पायरीवर उभा होता. तिने त्याचे पाय धरले. तो आपल्या वहाणांकडे बघत राहिला. पाणी भरायला आलेली एक बाई घागर उचलून दुसरीकडे निघून गेली.

चावडीपुढे एक गोल दगड होता. ताकद अजमावायला गावचे गडी तो उचलत. बंकटने तो उचलला, छातीपर्यंत नेला आणि आसारामच्या डोक्याशी येऊन उभा राहिला.

सांगून कुणी ऐकणार नव्हतं. रडूनही नाही. चंद्रभागाबाईला आयुष्यात एकच गोष्ट येत होती.

ती चिंचेखाली गेली. पदर सोडला, त्याचा पीळ केला, दोन्ही मुठींत धरला आणि वर फांदीकडे पाहत ओढू लागली. हात बंकटचे झाले. मघाशी काठी हाणताना बंकट डोळे मिटून मान डावीकडे फिरवत होता, ते तिने पाहिलं होतं. तिने तशीच मान फिरवली. ओठ तसाच दाताखाली धरला. तोंडातून अक्षर नाही. ओढ. आणखी ओढ. वरचं ओझं जड आहे, ते झोके घेतंय, हे तिच्या खांद्यांत दिसत होतं.

एकेक हात थांबला. मग ती तशीच वळली आणि पागोटं पायाशी ठेवणारा म्हातारा झाली. मग घागर उचलून दुसरीकडे निघून जाणारी बाई. मग आपल्या वहाणांकडे बघणारा विठ्ठलराव. धोंडीरामला टांगला त्या दिवशी ती तिथे नव्हती. पण कोण कसं उभं राहिलं असेल, हे तिला आजच्या त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं होतं.

बंकटच्या हातून दगड सुटून धुळीत पडला. दोन ढांगांत तो तिच्यापाशी आला आणि त्याने तिचा गळा धरला. "कुणी सांगितलं? कुणी सांगितलं तुला, रांडे?"

डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तिने सोंग सोडलं नाही. त्याच्या पंजात त्याचाच चेहरा होता, ओठ दाताखाली धरलेला, मान डावीकडे. बंकट तो बघत राहिला. त्याची बोटं ढिली पडली. मग तो चिंचेच्या बुंध्यावर कपाळ आपटू लागला. चार माणसांना आवरेना.

"रायरंदच हाय रे," म्हातारा म्हणाला. "असं दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई."

तेव्हा कुठे विठ्ठलरावला कंठ फुटला. "पाणी आणा! उभे काय ऱ्हायले?"

घागरभर पाणी ओतलं. काजळ वाहून गेलं, मिशी गळून पडली आणि खाली मिसरूड नुकतं फुटलेलं पोराचं तोंड निघालं. बायकांनी हंबरडा फोडला. हजराबीने हळद दाबली, पायाला फळ्या बांधल्या. बंकटने आपली गाडी जुंपली आणि कपाळावरचं रक्त न पुसता मोमिनाबादच्या छावणीतल्या दवाखान्यापर्यंत हाकली. वाटेत तो एवढंच विचारत होता, "जित्ता हाय का?" चंद्रभागाबाई लेकाच्या छातीला कान लावून बसली होती.

डॉक्टरने पाय गुडघ्यातून कापला. कित्येक दिवस ताप उतरला नाही. ती खाटेखाली बसून राहायची. कुणी काही खायला दिलं तर हातात धरायची आणि विसरायची.

एका सकाळी आसारामने डोळे उघडले. तिला पाहिलं, ओठ ओले केले.

"आये."

"काय रे लेकरा? दुखतंय का? पाणी देऊ?"

"त्यान्ला खरं वाटलं ना?" तो म्हणाला, आणि फाटका ओठ ताणून हसला. "येकालाबी वळखता आलं न्हाई ना?"

चंद्रभागाबाईने हात उचलला आणि त्याच्या थोबाडीत दिली. मग दुसरी दिली. कंपाउंडर धावत आला, त्याने तिचा हात धरला, "अहो बाई, मरंल ना तो!" म्हणाला. तरी ती हात सोडवून घेत होती, आणि पोर रडायला लागलं होतं, मोठमोठ्याने, अगदी लहानपणी रडायचं तसं.