त्या फ्लेक्सवर माझा भाऊ नव्हता

आपल्या चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स आज सकाळी मी विळ्याने कापून खाली घेतला.

कोणाला तक्रार करायची असेल त्याने माझ्याकडे यावं. मी मळ्यातच आहे.

फ्लेक्सवर साडी नेसलेल्या मुलीचा फोटो होता. खाली नाव, कै. सुरेखा.

ती सुरेखा म्हणजे माझं धाकटं भावंड. डेंग्यूने गेलं, आज बारावा दिवस.

जन्माला मुलगी म्हणून आलं. पण गेली नऊ वर्षं सातपूरच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवत होता तो संदीप. आधारकार्डावरसुद्धा संदीपच.

फ्लेक्ससाठी तो फोटो मीच दिला होता. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीच्यांना बोलायला मी मोकळी.

नाना, म्हणजे आमचे चुलते, म्हणाले, "चार लोकांत शोभंल असा दे. शर्टातला नको."

माझ्या मोबाईलमध्ये शर्टातले पन्नास फोटो. मी खाली खाली जाऊन चुलतबहिणीच्या लग्नातला शोधून काढला.

त्या लग्नात त्याला धरून साडी नेसवली होती. फोटोच्या आधी तो मोरीत जाऊन रडला होता. तोंडाला पावडर थापून उभा केला.

हे मला माहीत होतं. तरी दिला.

मी चौथी शिकलेली. मला हे सगळं समजायला वेळ लागला, खोटं कशाला बोलू.

एकदा टेम्पोत शेवंतीचे क्रेट भरून आम्ही फूलबाजारात चाललो होतो. मी चालवत होते, तो शेजारी.

मी म्हणाले, "मी टेम्पो चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोती उचलते. मग मी पण पुरुष झाले का? तुझंच काय नवीन?"

"अक्का, टेम्पो चालवताना तुला वाटतं का, आपण पुरुष आहोत?"

"मला वाटतं डिझेल महाग झालंय."

लय हसला.

मग म्हणाला, "बघ, लोक म्हणतात हे काम पुरुषाचं. तू करतेस, तरी तू बाईच. तुला कोणी सांगायला लागत नाही, आतून माहितीये. मलाही तसंच आतून माहितीये. फक्त अंग वेगळं मिळालं."

"पण डॉक्टरने सांगितलं ना मुलगी झाली म्हणून."

"त्याने अंग बघितलं. त्याला तेवढंच दिसणार. मी कोण ते मला विचारायला पाहिजे होतं, आणि मी तेव्हा नुसता रडत होतो."

मी उगाच हॉर्न वाजवला.

भाऊबीजेला तो दरवर्षी न विचारता पाटावर येऊन बसायचा. मी दरवर्षी उठवायचे. "चल ऊठ, नाटकं नको."

टेम्पोतलं ते बोलणं झालं, त्या वर्षी नाही उठवलं. टोपी घातली, टिळा लावला, ओवाळलं.

ओवाळणी म्हणून त्याने टेम्पोचं सीट कव्हर दिलं. लालभडक. असलं कोणी देतं का?

पण ते घरात होतं. दार लावून ओवाळलं होतं मी.

दहाव्याला आम्ही गंगेवर, म्हणजे आपल्या इथल्या नदीच्या घाटावर गेलो. त्याच्या वर्कशॉपमधले सात-आठ जण रात्रपाळी संपवून थेट आले, अंगात युनिफॉर्म तसाच.

त्यांनी नानांना विचारलं, "संदीपभाऊंचा दहावा इथंच का?"

नाना म्हणाले, "इथं कोणी संदीप नाय. आमच्या पुतणीचा दहावा हाय."

मी चार पावलांवर होते. सगळं ऐकलं.

पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि गप्प बसले.

गर्दी होती, पाहुणे होते, असलं काही सांगणार नाही. मला लाज वाटली. त्याची.

काल त्याचं सामान आणायला वर्कशॉपमध्ये गेले.

त्याच्या मशीनवर त्याचा फोटो ठेवला होता. झेंडूचा हार, सुकत आलेला.

बाजूच्या मशीनवरचे पवारभाऊ म्हणाले, "अक्का, आम्ही तासभर घाटावर फिरलो. चार ठिकाणी विचारलं. कोणाला संदीपच माहीत नाही. शेवटी पाण्याला हात जोडले अन् घरी गेलो."

मी म्हणाले, "मी तिथंच होते. तुम्ही विचारलं ते ऐकलं. बोलले नाही."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

म्हणून आज विळा घेऊन चौकात गेले. नाना धावत आले.

"अगं, मेलेल्या माणसाचा तमाशा करते का? लोक काय म्हणतील?"

"जिवंतपणी जी साडी फेडून फेकली, ती नेसवून त्याला चौकात टांगला. तो तमाशा नाही?"

"अंगानं पोरगीच व्हती ना ती."

"अंग आपण जाळलं, नाना. आता नाव तेवढं राहिलंय. ते तरी त्याचं त्याला द्या."

नाना निघून गेले. उद्या येतील का, माहीत नाही. नाही आले तर नाही.

उद्या तेरावा आहे. मखमलाबादला आमच्या मळ्यात, सकाळी अकरा वाजता. संदीपचा.

सातपूरच्या सगळ्यांनी यायचं. जेवूनच जायचं.

फाट्यावर मी स्वतः उभी राहणार आहे. संदीपचं घर कुठं म्हणून कोणीही विचारा, मी दाखवीन. मी त्याची बहीण.

वर्कशॉपमधला त्याचा फोटो खाली टाकलाय. हात ऑईलने काळे आहेत आणि दात काढून हसतोय.

संदीप, तुझं नाव चारचौघांत घ्यायला मला फार उशीर झाला.

माफ कर म्हणणार नाही. तू लगेच करशील, तसला होतास तू.

नीट जा, भाऊ.

तुझी अक्का