हातावरचं पाणी

खैरुन गेली, हे जालन्याहून तिच्या नातीनं फोनवर कळवलं. महिना होत आला. रडून झाल्यावर पोरीनं विचारलं, "आजी, चाळिसाव्याला पेपरात दादीचं नाव काय देऊ? खैरुन की मालन?" प्रश्न रास्त होता. 'मिठाचा चेहरा' ही तिची एकुलती एक कादंबरी मुलांच्या दोन पिढ्यांनी वाचली, आणि त्यावर नाव आहे नुसतं 'मालन'. मी म्हटलं, सांगते विचार करून...

मालन हे नाव माझ्या आईनं ठेवलेलं. निजामाचं राज्य गेलं, तो पावसाळा सरत होता आणि मुलूखभर सूड उगवणं चाललं होतं. ज्यांनी जुलूम केले ते कधीच पसार झाले. हाती लागले ते खैरुनच्या अब्बांसारखे. शहागडला गोदावरीवर लोकांना पैलतीरी सोडणारा साधा माणूस. त्यांना घाटावरच मारलं. खैरुननं ते नावेतल्या ताडपत्रीखालून पाहिलं. माझ्या वडिलांची अंबडला आडत होती आणि अब्बांशी जुना घरोबा. त्यांनी तिला बैलगाडीत सरकीच्या पोत्यांमागं बसवून आमच्या घरी आणलं. आईनं कपाळावर कुंकू टेकवलं, बांगड्या भरल्या आणि शेजारणींना सांगितलं, ही माझ्या भावाची मालन, पिंपळगाव रेणुकाईची. मी बारा वर्षांची, ती चौदाची. माझ्या त्या मामाला पोरगीच नव्हती, पण आईच्या तोंडाला कोण लागणार?

दिवसभर ती धान्याच्या कोठीत असायची. एक झरोका, तोही हात पुरणार नाही असा. ज्वारीची पोती हे तिचं जहाज. तिथं बसून ती मला गोष्ट सांगायची, पुढं कादंबरी झाली तीच. गोष्टीतल्या समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं तोंड धुतलं की चेहरा पालटायचा आणि गोडं पाणी लागलं की खरा दिसायचा. बाप मारणाऱ्या कप्तानाच्या जहाजावर एक मुलगी असाच चेहरा पालटून चढते, सूड घ्यायला. मी एकदा टोकलं, "तू समिंदर कुठं पाह्यला गं?" ती म्हणाली, "गोदेला पलीकडचा काठच न्हाई असं समज. मंग उतरायचं कुठं?" मला तेव्हा त्यात गंमत वाटली होती.

एका दुपारी नाना जेवायला आले. आडतीवर माल घालणारे बडी असामी, बोलायला गोड. ताटं मांडली तशी खैरुन तांब्या, परात आणि खांद्यावर पंचा घेऊन आली आणि त्यांच्यापुढं वाकली. तिच्या घरी पाहुण्याचे हात असे जागेवर धुवायची रीत होती. आमच्याकडं माणूस उठून मोरीवर जातो. नानांनी हात पुढं केले खरे, पण डोळे बारीक करून विचारलं, "वहिनी, ही कुणाची?" आई म्हणाली, "भावाची हाय. आमच्या माहेरी पाव्हण्याच्या हातावर पानी घालत्यात." आणि दुसरा तांब्या घेऊन तिनं चक्क वडिलांच्या हातावर धार धरली. वडिलांनीही गुपचूप हात चोळले. नाना हसले. "चांगली रीत हाय."

खैरुन कोठीत परतली, मी मागोमाग. "अब्बाला ह्यानंच," एवढंच बोलली. मी धावत आईला सांगितलं. आईनं माझा दंड धरला. "बिलकुल बोलू नको. त्याला कळलं तर तिला न्हाई सोडायचा, आपल्याला बी न्हाई." त्यानंतर नाना वरचेवर यायला लागले, आणि पाटावर बसले की हाक मारायचे, "मालन, पाणी घाल गं." ती घालायची. पाणी पाण्यासारखं परातीत पडायचं... दुसरं काही होत नव्हतं.

कादंबरीत मात्र होतं. शेवटी ती मुलगी पिण्याच्या पिंपातलं गोडं पाणी कप्तानाच्या हातावर ओतते आणि कधीचं धुऊन टाकलेलं रक्त साऱ्या जहाजासमोर उमटतं. माझ्या नातवंडांनी तक्रार केली होती, तलवार का नाही चालवली म्हणून! नाना सुखानं म्हातारे झाले, हारतुरे घेत गेले. खैरुनचं लग्न झालं, जालन्यात संसार झाला, पण आमच्याकडं आली की ती मालनच असायची. नाना गेल्यावर मी म्हटलं, "आता तरी आपलं नाव लाव." ती म्हणाली, "सवय लागली गं. लपून राह्यले तर जिती राह्यले." मला तिचा राग आला होता. आता नुसतं वाईट वाटतं.

आईनं एका खोट्यापायी सुरू केलेली रीत आमच्या घरात कायमची राहिली. परवा व्याही जेवायला आले. सून तांब्या-परात घेऊन वाकली, तसे ते कौतुकानं म्हणाले, "ही रीत कुठली तुमची?" 'आईच्या माहेरची' हे उत्तर ओठांवर तयारच होतं, जन्मभर तेच दिलं.

"शहागडची," मी म्हटलं. "आमच्या खैरुनच्या घरची."

त्यांचे हात धुऊन झाले, आणि मी उठून जालन्याला तिच्या नातीला फोन लावला.