बाईंच्या घरच्या पोळ्यांचं गणित

माझी मुलगी आता कॉलेजात जाते, पण ती पाचवीत असताना शाळेत भरलेली एक सभा आठवली की माझं डोकं अजून तापतं.

लढाईचा हिवाळा होता. जबलपूरच्या लष्करी कारखान्यांतून रविवारची सुट्टी बंद झाली होती. मीही कारखान्यातच, कुठल्या कामाला किती वेळ लागावा हे ठरवणाऱ्या विभागात. आत काय बनतं ते बाहेर बोलायचं नाही, ही शिस्त आमच्या अंगात इतकी मुरली होती की बायकोने डब्यातली भाजी कशी होती असं विचारलं तरी आमच्यातले काही जण आधी इकडेतिकडे बघत.

आमच्या मराठी शाळेत गणिताला नवीन बाई आल्या होत्या. अजून कायम झालेल्या नव्हत्या. त्यांचे यजमान आमच्याच कारखान्यात फिटर होते. काळ-काम-वेगाची गणितं मुलांना काही केल्या समजेनात, तेव्हा बाईंनी पुस्तक बाजूला ठेवून स्वतःच्या घरचं गणित घातलं. माझे यजमान सकाळच्या पोळ्या पाऊण तासात करतात, मी तेवढ्याच अर्ध्या तासात करते, तर दोघांनी मिळून केल्या तर किती वेळ लागेल? मुलगी उड्या मारत घरी आली. उत्तर अठरा मिनिटं. मी ताळा करून पाहिला, उत्तर बरोबर होतं. फक्त शेगड्या दोन पाहिजेत, नाहीतर एका तव्यावर दोघं काय करणार, असं मी तिला म्हटलं. तिने ते बाईंना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी गणितात दोन शेगड्या घातल्या. चूक दाखवल्यावर निमूट दुरुस्त करणारी माणसं मला आवडतात.

पुढचं गणित असं होतं: यजमानांची पाळी आठ तासांवरून बारा तासांची झाली, तर आता पोळ्या कोण करेल आणि बाईंनी किती लवकर उठावं? वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे बाप त्याच पाळीला होते. गणित झटक्यात सुटलं.

आमच्या शेजारी एक फोरमन राहत. बाईंचे यजमान त्यांच्याच हाताखाली होते. त्यांचा मुलगा आमच्या मुलीच्या वर्गात. मग कारखान्यात त्या फिटरला रोज विचारणा सुरू झाली, “काय पाटणकरीण बाई, आज किती भाजल्या?” पाटणकर हे त्याचं आडनाव नव्हे, पोळपाटावरून ते फोरमननेच त्याला चिकटवलं होतं. तो बिचारा हसून स्पॅनर उचलायचा. फोरमनचं एवढ्याने भागलं नाही. त्यांनी शाळेत लेखी तक्रार दिली. त्यात पोळ्यांचा उल्लेख नव्हता. लढाईच्या काळात ही बाई कारखान्याच्या पाळ्या वर्गात उघड करते, तिला कायम करू नये, असं होतं.

शनिवारी दुपारी पालकांना बोलावलं. आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाकांवर बसलो आणि बाई फळ्यापाशी उभ्या. त्यांना कोणी खुर्ची दिली नाही. त्याच खोलीत बसलेले इतिहासाचे गुरुजी भावाशी चाललेला घराचा वाद वर्षानुवर्षं मुलांना ऐकवत आले होते. कोणत्या वकिलाने काय सांगितलं हे पोरांना तोंडपाठ होतं. त्यांच्याविरुद्ध कोणी कधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नव्हती.

मुख्याध्यापकांनी बाईंना खुलासा विचारला. बाई म्हणाल्या, “मी माझं दुःख सांगितलं नाही, भांडण सांगितलं नाही. पुस्तकातल्या हौदाला दोन नळ असतात. ह्या मुलांच्या घरी नळ एकच, तोही दुपारी बंद. त्यांना कळत नव्हतं, म्हणून घरचं गणित घातलं.”

फोरमनचा संयम सुटला. “अच्छा, आणि आमच्या घरात काहून आग लावता? पोरगं जेवताना मला विचारून राहिलं, बाबा, तुम्हाला पोळ्यांना किती वेळ लागते?”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मला मात्र हसू आलं नाही. म्हणजे देशाची सुरक्षा वगैरे काही नव्हतं. ह्या माणसाला पोळपाटाची भीती होती आणि त्यासाठी तो एका बाईची नोकरी घालवायला निघाला होता.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. सगळ्यांनी सवयीने मनगटाकडे पाहिलं. फोरमनने घड्याळ जुळवून घेतलं. मी उठलो.

“सर, पाळीच्या वेळेची खबर आत्ता ओमती नाल्याच्या पलीकडेपर्यंत गेली. भोंग्यावरही तक्रार घ्या.”

मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. बाईंची नोकरी राहील, पण यापुढे घरचं एक अक्षर वर्गात बोलायचं नाही. गणितं फक्त पुस्तकातली. बाईंनी मान हलवली. गुरुजींना कोणी काहीच सांगितलं नाही.

शिक्षकाने मुलांना स्वतःविषयी काही सांगूच नये, हे मला पटत नाही. ज्याचं ओझं मुलाला घरी वाहून न्यावं लागेल ते सांगू नये, एवढं माप पुरेसं आहे. त्या मापाने वकिलाच्या गोष्टी जास्त होत्या आणि पोळ्या अगदी बरोबर होत्या. पण त्या सभेत माप लावायची कोणाला इच्छाच नव्हती.

महिनाभराने मुलगी रडत घरी आली. बाई दिवसेंदिवस चिडतात, फळ्यावर चुकतात, चूक दाखवली तर खेकसतात. माझ्यावर राग आहे त्यांचा, असं तिने ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परतताना फोरमन सायकल माझ्या बरोबरीला आणून म्हणाले, बाईंचे यजमान टायफॉइडने दवाखान्यात आहेत, आठवडा होऊन गेला.

“बाईंनी शाळेत सांगायला पाहिजे होतं ना. आपण काही परके आहोत का?”

मी सायकलवरून उतरलो. “सांगायचं नाही असं तुम्हीच ठरवून घेतलंत,” म्हणालो आणि उरलेला रस्ता एकटा चालत आलो.

घरी मुलीला खरं कारण सांगितलं. मग तिने विचारलं, “मग बाईंच्या घरी आता पोळ्या कोण करतं?”

खिडक्यांना ब्लॅकआउटचा काळा कागद लावलेलाच होता. बायकोने शेजारून दुसरी शेगडी आणली आणि माझ्यापुढे पोळपाट ठेवला. दोघांनी मिळून बाईंच्या घरचा डबा तयार केला. अठरा मिनिटं नाही, तास लागला.