डावा तळहात

झरीच्या चन्नबसम्माने जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. नवरा सांबप्पा दुकानात तेल-गूळ विकायचा, पण भाव ही बाई आतून ठरवायची. असल्या बाईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

रोज अंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरून पूजा करायची आणि मगच घास तोंडात घालायचा, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. शुद्धीवर आल्यावर तिला कळलं, की बेशुद्धीत आपल्याला पेज पाजली. ती ढसाढसा रडली आणि तिने तोंड मिटलं. हात उठेल तेव्हा पूजा, पूजा होईल तेव्हा घास. पाणी तेवढं घ्यायची, तेही मिनतवाऱ्या केल्यावर.

परभणीच्या दवाखान्यात न्यावं, तर रझाकारांच्या धास्तीने एकही गाडीवान बैल जुंपेना. शेवटी मठातले विरूपाक्ष स्वामी आले आणि त्यांनी तिला अगदी सोपा योग सांगितला. भिंतीला टेकून बसायचं. श्वास ओढायचा नाही, येईल तसा येऊ द्यायचा. सोडताना मन खांद्यावरून कोपरात आणि कोपरातून बोटांत उतरवायचं. हलेल तेवढंच हलवायचं, जोर करायचा नाही. आता जोर न करणं या बाईला कधी जमलं होतं? ती दातओठ खाऊन घामाघूम व्हायची आणि हात मांडीवर परक्यासारखा पडून राहायचा.

सांबप्पा म्हणाला, मी खालून आधार देतो. स्वामींनीही मान डोलावली. पण ती ऐकेना.

"हात तुमचा आन् पूजा माझी? नगं."

मग ती रोजच्यासारखं विचारायची, जेवलाव का. तो म्हणायचा, दुकानातच उरकलं.

एका सकाळी तिच्यात जोर करायलाही त्राण उरलं नाही. श्वास आपोआप हलका येऊ-जाऊ लागला. तिला वाटलं, हे मरणच आलं. मरणाला ती भ्यायली नाही, पण पूजेवाचून जायचं या विचाराने तिचं काळीज फाटलं.

"एकडाव धरा," ती म्हणाली.

सांबप्पाने तिच्या तळहाताखाली आपला हात सरकवला. तिने उजव्या हाताने लिंग वर ठेवलं. दोन्ही हात तिच्या डोळ्यांपर्यंत आले आणि तळहात थरथरला. हात जागा झाला, या आनंदाने तिला रडूच फुटलं. मग ध्यानात आलं, थरथर खालून येत होती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस ती नुसती हाताकडेच बघत होती. त्याचे गाल बसले होते, ओठ पांढरेफटक पडले होते.

"कवापासून उपाशी हाव?"

"तू खाईनास तवापासून."

तिने जन्मातली सगळ्यात छोटी पूजा उरकली.

"पेज ठिवा चुलीवर," ती म्हणाली. "आदी तुमी प्या. मग मला द्या."