लिंबोणीचा रोजा

माघ लागला की सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं आणि दहा वाजले की तेच ऊन नकोसं होतं. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या आमच्या घरामागे चार हात जागा आहे. तिथं आज मी लिंबोणीचं आळं उकरायला बसले. खुरप्यानं माती बाजूला सारली तसा ओलसर, किंचित आंबूस वास आला, आणि एक बारीक मूळ तुटलं तेव्हा त्यात लिंबाचाही वास मिसळला. लिंबोणीच्या मुळांनाही लिंबाचा वास असतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वरच्या गॅलरीतून सून म्हणाली, "आई, पाइप लावून देऊ का? पुरं सुकून चाललंय ते झाड." मी म्हटलं, "नको. अजून पंधरा दिवस थेंब नको." ती "हौ" म्हणून आत गेली, पण या म्हातारीच्या पोटात दयामाया नाही असं तिचं मत झालेलं मला खालूनही दिसलं.

तिचंही बरोबरच आहे म्हणा. थंडी सरताना बागेत जी कामं निघतात ती सगळी दिसायला जरा निर्दयच असतात. गुलाब छाटायचा तर चांगल्या हिरव्या फांद्यांवर कात्री चालवावी लागते. मोगऱ्याची पानं ओरबाडून त्याचा नुसता काडक्यांचा सांगाडा करायचा. शेवंतीचे फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापायचे आणि तिचे मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, सोडवून वेगळे लावायचे. लिंबोणीला तर ताणच द्यायचा: पाणी तोडायचं, बुंध्याभोवतीची माती काढून मुळं उघडी करायची, त्यांना ऊन दाखवायचं. पानं पिवळी पडतात, गळतात. मग नेमक्या दिवशी शेणखत-माती घालून मुळं झाकायची आणि बेतानं पाणी सुरू करायचं. एवढं सोसल्यावर झाड जे फुलतं, ते पाहून आपलीच आपल्याला लाज वाटते.

हे सगळं मी आईकडून शिकले. आई बीडकडच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन हैदराबादेत मलकपेठेला आली ती वडिलांच्या शाळामास्तरकीच्या संसारात, पण शेत तिच्या हातातून काही गेलं नाही. अंगणातली लिंबोणी तिनं स्वतः लावलेली. पोटच्या पोरीला, म्हणजे मला, ती कधी रागानं धपाटा घालायची, पण त्या झाडाचं पान कुणी उगाच तोडलेलं तिला खपत नसे. मला त्या झाडाचा थोडा मत्सरच वाटायचा.

आमच्या अंगणाला लागून आपांचं, म्हणजे आमच्या मुसलमान शेजारणीचं घर. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. दोन्ही अंगणांमधल्या भिंतीत एक लहानसं दार होतं आणि दुपारची कामं आटोपली की त्या दाराशी दोघी बायका बोलत उभ्या राहत. आपा आमच्या अंगणात येत, आई त्यांच्या अंगणात जाई. मात्र दोघींपैकी कुणीही घराचा उंबरा ओलांडत नसे, आणि आई त्यांच्याकडचं पाणी पीत नसे. आपांनीही ते कधी पुढे केलं नाही. ते तसंच असतं असं मी धरून चालले होते. बागेतलं आपांना काही म्हणजे काही कळत नसे. एकदा त्यांनी कोथिंबीर समजून नुसतं तण जोपासलं होतं, आणि आईनं सांगितल्यावर स्वतःच पदरात तोंड लपवून हसल्या होत्या.

देश स्वतंत्र झाला, पण आमचं संस्थान अधांतरीच राहिलं. त्या हिवाळ्यात शहरात रोज नव्या अफवा उठत. ओळखीची कुटुंबं एकेक करून हद्दीपलीकडे निघून जात होती. वडिलांनीही एके दिवशी ठरवलं की दोन दिवसांत सोलापूरला, मामांकडे जायचं. आईनं नेमकं त्याच आठवड्यात लिंबोणीचं आळं उघडलं होतं. सामान बांधायचं सोडून ती झाडाशी जाऊन उभी राहिली. मुळं आता झाकली तर ताण वाया जाणार, उघडी ठेवून गेलं तर झाड जाणार. शेवटी तिनं दारातून हाक मारली.

"आपा, इसका उपास चालू है. पत्ते गिरे तो भी पानी नको देना. मैं चिठ्ठी लिखूंगी, तब खत डालके पानी देना."

"उपास?" आपांनी विचारलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "रोजा बोलो ना! हौ बाई, समझ गई. तुम्हारी चिठ्ठी आये बगैर नक्को."

सोलापुरात आईनं चिठ्ठी लिहिली, एक नाही, चार. उत्तर आलं नाही. टपालाचा काही भरवसा राहिला नव्हता. चैत्र आला, ऊन तापलं, आणि आई रोज टपालवाल्याची वाट पाहू लागली. आपांचा स्वभाव तिला ठाऊक होता. त्या दिलेला शब्द मोडणार नाहीत, याचीच तिला धास्ती होती. "वाळलं असेल गं," एवढंच एकदा ती मला म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. घर राहील की जाईल याची चिंता वडील करत होते. आईनं सगळी काळजी त्या एका झाडावर नेऊन ठेवली होती, असं मला आता वाटतं.

पावसाळा सरता सरता हिंदी फौजा शहरात आल्या, संस्थान विलीन झालं आणि आम्ही परतलो. फाटक उघडलं तर लिंबोणी उभी! हिरवीगार, आणि पानांआड सातआठ पिवळी लिंबंही. आई पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडली. भिंतीतलं दार मात्र आपांच्या बाजूनं लावलेलं होतं. आता भ्यायची पाळी त्यांच्यावर आली होती. यजमानांना घरी बसवलं होतं आणि आपा कुणालाच तोंड दाखवत नव्हत्या. आईनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी माझा हात धरून ती रस्त्यानं वळसा घालून त्यांच्या पुढच्या दाराशी गेली.

आपांनी दार उघडलं. त्या निम्म्या झाल्या होत्या. आईनं काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "माफ करो बाई. मैं तुम्हारी बात तोड दी. चिठ्ठी नई आई. पूरे पत्ते झड गये. मैं बोली, इसका रोजा कित्ते दिन रखूं? मगरिब के वखत, दिन डूबते, खोल दी. थोडा थोडाच पानी दी. रोजे के बाद पेट भरके नई पीते ना."

आई थक्क झाली. ताण दिलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी घातलं की फूल गळतं, आणि ते बेतानं वाढवत न्यावं लागतं, हे शेतकऱ्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या शिकवतात. आपांना ते त्यांच्या रमजाननं शिकवलं होतं. मग तिनं उंबरा ओलांडला, आत जाऊन सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "आपा, प्यास लगी है."

आपा गोंधळल्या. मला त्या मुन्नी म्हणत. "मुन्नी को भेजके तुम्हारे घर से मंगाऊं?"

"नको. तुमच्या सुरईतलं द्या."

आपांनी सुरई इतक्या घाईनं ओतली की निम्मं पाणी सतरंजीवर सांडलं. उरलेलं आई सावकाश, घोट घोट प्यायली. घरी आल्यावर तिनं शिवाशिवीची अंघोळही केली नाही.

त्यानंतर दर माघात लिंबोणीचं पहिलं पाणी आपांच्या हातचं, तेही दिवेलागणीला, असाच रिवाज पडला. बरीच वर्षं चालला. एका हिवाळ्यात ताण चालू असतानाच आपा गेल्या. दिवस भरले तरी आई पाणी घालेना. मी एकदा आठवण केली तर म्हणाली, "थांब जरा." चार दिवसांनी संध्याकाळी ती घागर घेऊन भिंतीतल्या दारानं पलीकडे गेली, आपांच्या आडाचं पाणी शेंदून आणलं आणि तांब्या तांब्यानं लिंबोणीला घातलं.

आता ती दोन्ही घरं नाहीत, ती लिंबोणीही नाही. त्या वर्षांबद्दल लोक पुष्कळ बोलतात आणि त्यातलं वाईट खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण मी माझ्या आईला आपांच्या हातचं पाणी पिताना पाहिलं आहे. ते पाहायला मिळालं, याबद्दल मी आजन्म ऋणी आहे.